कोपराखाली चार बोटं

१

ओटा दोन विटा उचलायचा, एवढंच काम होतं. वाल्मिक गवंड्यानं काळ्या कडप्प्यावर टिचकी मारली, वाकून खालच्या विटांच्या पडद्या बघितल्या आणि दोन दिवस सांगितले. गवंड्याचे दोन दिवस म्हणजे किती, हे कोल्हारात शेंबडं पोरसुद्धा जाणतं, म्हणून पंकजानं मनात आठवडा धरला. शेगडी तिनं मागच्या पडवीत मांडली, डबे पलंगाखाली सरकवले आणि लग्न होऊन आल्यापासून प्रथमच ती या घरात काहीतरी गुणगुणली.

नवऱ्याला, म्हणजे कल्याणला, तयार करायला वर्ष गेलं होतं. कल्याणचं हायवेला दुकान, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं. माणूस कष्टाळू, आवाज न चढवणारा. ओट्याचा विषय निघाला की मात्र "चाललंय की" म्हणायचा आणि चपला शोधायला लागायचा. कारण तो ओटा निकितानं बांधून घेतला होता. निकिता त्याची पहिली बायको, काविळीनं गेलेली. घराचं काम चालू होतं तेव्हा ती गवंड्याच्या डोक्यावर उभी राहिली होती म्हणे, आणि आपल्या पाच फुटी अंगाला बेताचा ओटा तिनं करून घेतला होता.

पंकजा पाच फूट आठ इंच. राहात्याच्या शाळेत पोरं तिला विजेचा खांब म्हणायची. पुढं बघायला आलेली पाहुणेमंडळी, ती चहा घेऊन बाहेर आली की, कपबशीकडं टक लावून बसायची, आणि अशानं तिची तिशी उलटली. कल्याणही तिच्याहून दोन बोटं कमीच. पण बिजवरानं नाक किती मुरडायचं? फोटोवाल्यानं दोघांना खुर्च्यांवर बसवून वेळ निभावली. त्या दिवसापासून ती निकिताच्या ओट्यावर वाकून भाकरी थापत होती, आणि संध्याकाळी कंबरेला बाम चोळत होती.

वाल्मिकनं तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि कोपराच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. त्याखाली आपली चार बोटं आडवी धरून दुसरी रेघ.

"कोपराखाली चार बोटं," तो म्हणाला. "बाईच्या मापाचा वटा असाच घ्यायचा, वहिनी. मग कंबर तक्रार करीत न्हाई."

पंकजा त्या दोन रेघांकडं कितीतरी वेळ बघत राहिली. या घरात तिच्या मापानं पहिल्यांदाच काहीतरी होणार होतं.

२

ती निकिताचा मत्सर करायची, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं या घरात निकिताचं सगळंच थोर होतं. तिचं कालवण, तिची रांगोळी, तिचं दारच्या जास्वंदीला पाणी घालणं. सासू राहीबाई वाईट नव्हती. उलट बोलताना जीभ चावायची, आणि तेच जास्त लागायचं. एकदा ती सांगून गेली की निकिता भाकरी करायची तेव्हा कल्याण ओट्याला टेकून उभ्या उभ्याच तव्यावरची पहिली भाकरी खायचा. पंकजाच्या वेळी तो बाहेर पाटावर बसायचा, ताट येण्याची वाट बघत, हातात मोबाईल घेऊन.

आणि वर तो टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा चांदीचा छोटा टाक गळ्यात घालायचा, ही रीत. लग्नाच्या दिवशीच राहीबाईनं तो काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. नवी साडी आली की आधी तिला लावायची, मग आपण नेसायची. हळदीकुंकू आधी तिला. पंकजानं हे सगळं निमूट केलं. पण रात्री कल्याण जवळ यायचा तेव्हा तो थंड पत्रा दोघांच्या मधे यायचा, आणि कल्याणचा हात त्याला लागला की क्षणभर तिथंच थांबायचा. त्या क्षणाचा तिला इतका राग यायचा की तो दोरा दातांनी तोडावासा वाटे.

कडप्पा काढून भिंतीला उभा केला, पडद्या उघड्या पडल्या, वाल्मिकनं पहिल्या थरासाठी सिमेंटचा माल पसरला आणि तो चहाला बाहेर गेला. पंकजा एकटी उरली. टाक नदीत सोडला तर कुणी बघेल, पेटीत ठेवला तर सासू विचारेल, हे तिचं आधीच ठरवून झालं होतं. तिनं दोरा तोडला, टाक ओल्या मालात अंगठ्यानं खोल दाबला आणि वरून थापी फिरवली.

"वटा तुला," ती पुटपुटली. "मानूस मला."

वाल्मिक आला आणि त्यानं त्यावर विटा बसवल्या. सासूला तिनं सांगितलं की कडी तुटली म्हणून सोनाराकडं दिलाय. राहीबाई तिच्या मोकळ्या गळ्याकडं बघत राहिली.

३

कडप्पा बसला. माल वाळेपर्यंत वजन टाकू नका म्हणून वाल्मिकनं बजावलं होतं, तरी पंकजानं रिकाम्या ओट्यासमोर उभं राहून खोट्या भाकरी थापून बघितल्या. पाठ सरळ, खांदे सैल, हात आपोआप जागेवर. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या रात्री कल्याणनं तिच्या मोकळ्या गळ्यावर हात ठेवला आणि तो कुठंही थांबला नाही.

मागच्या भिंतीच्या टाइल्स राहिल्या होत्या. त्या आणायला वाल्मिक लोणीला गेला तो तिकडंच दुसऱ्या कामाला अडकला. दरम्यान ओटा वाळला, शेगडी आत आली आणि पंकजानं बाजरी मळायला घेतली. पहिल्या भाकरीला तिला वाटलं, आज खांदे का अवघडतायत. दुसऱ्या भाकरीला कळलं की कोपर वर उचलावं लागतंय. ओटा उंच झाला होता.

वाल्मिक टाइल्स न आणताच परतला, आणि आल्याबरोबर तिनं त्याला धारेवर धरलं. माल जास्त घातलात, माप चुकलं, माझ्या ओट्यावर हात बसवून घेतलात. त्यानं मुकाट्यानं टेप लावला. जमिनीपासून कडप्प्यापर्यंत ठरलं होतं तेवढंच. भिंतीवरच्या खालच्या रेघेला कडप्पा नेमका टेकला होता.

"नवीन हाय म्हनून वाटत असंल," तो म्हणाला. "इतके दिस वाकून काम केलंय तुमी. सवय हुईस्तवर जरा अवघडंल."

तिलाही ते पटलं. माणसाला सुखाचीही सवय व्हावी लागते, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण दोन दिवसांत खांद्यांत असे गोळे आले की केस विंचरायला हात वर जाईना. शेवटी तिनंच वाल्मिकला एक थर काढायला लावला. त्यानं कपाळावर हात मारला, पण छिन्नी घेऊन बसला.

विटा निघाल्या, सुकलेला माल ढेकळांनी खाली पडला. पंकजाचा जीव टांगणीला लागला होता. टाक निघाला तर काय सांगायचं याची तिनं रात्रभर जुळणी केली होती. वरचा थर निघाला तेव्हा खालचा थर एका कडेनं सुटला, आणि वाल्मिकनं तोही उचकटून नव्यानं बसवायला घेतला. तो पाणी आणायला गेला तशी ती गुडघ्यांवर बसली आणि जिथं तिचा अंगठा रुतला होता ती जागा तिनं शोधून काढली. थापीनं बुजवलेला माल सुटला होता, आणि खाली अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटलेला होता. टाक नव्हता. तिनं एकेक ढेकूळ हातानं फोडून बघितलं, मग विटांचे तुकडे, मग झाडू घेऊन कोपरे. वाल्मिकनं उचलला म्हणावं तर पाण्याला जाईपर्यंत तो तिच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता, आणि विचारावं तर काय विचारावं? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल.

४

एका थराचा ओटा तिला बरोबर बसला. चारच दिवस.

त्या चार दिवसांत तिच्या लक्षात बारीकसारीक गोष्टी येत गेल्या आणि प्रत्येकीला तिनं काहीतरी उत्तर शोधलं. साडी पायात यायला लागली; धुतल्यावर कापड सैल पडलं असेल. फळीवरचा तुपाचा डबा ती आल्यापासून सहज काढायची, तो आता टाचा उचलल्याशिवाय हाताला लागेना. डबे इकडचे तिकडे झाले होते, कुणी मागं सरकवला असेल. मग एका सकाळी ती पडवीतून स्वयंपाकघरात आली आणि जागीच उभी राहिली. मागचं दार बुटकं होतं. पहिल्या महिन्यात तिचं कपाळ तिथं तीनदा फुटलं होतं आणि तेव्हापासून ती मान लववून ये-जा करायची. आज ती मान न लववता आली होती. किती दिवसांपासून, ते तिला आठवेना.

ती परत दाराशी गेली, चौकटीखाली ताठ उभी राहिली आणि हात वर घेतला. डोकं आणि चौकट यांच्यामधे पंजा आडवा मावत होता. बाहेर कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता. ती तशीच उभी राहून ते गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली.

संध्याकाळी सासू लसूण सोलत बसली होती तिच्याजवळ ती टेकली.

"आत्याबाई, मी बारकी झाल्यासारखी दिसती का?"

राहीबाईनं वर बघितलं. तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं, आणि पंकजाला त्याचीच भीती वाटली.

"चांगली दिसतीस," ती म्हणाली. "आल्ती तवा लई परकी वाटायचीस. आता घरातली वाटतीस."

मग ती उठली आणि आतल्या ट्रंकेतून चार ब्लाउज काढून तिच्या मांडीवर ठेवून गेली. जुने, डांबरगोळ्यांचा वास येणारे. पंकजानं ते घडीसकट कोपऱ्यात भिरकावले. रात्री सगळे झोपायला गेल्यावर तिनं त्यातला एक अंगाला लावून बघितला. तो अजून घट्ट होत होता, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं.

५

हे सगळं कुणालातरी सांगायला हवं होतं. राहात्याला वडिलांना फोन करायचा, निदान तालुक्याच्या डॉक्टरकडं जायचं. तिनं तसं दोनदा ठरवलं. पण त्याच दिवसांत कल्याण बदलत चालला होता.

तो दुकानातून लवकर यायला लागला. एकदा राहात्याच्या बाजारातून तिच्यासाठी पेरू घेऊन आला, न सांगता. चालताना तिच्या खांद्यावर हात टाकायचा, जे त्यानं कधी केलं नव्हतं. पूर्वी टाकायला गेला असता तर त्याला हात उचलून धरावा लागला असता. टीव्ही बघताना तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आपोआप टेकलं आणि तो म्हणाला, "लई दिसांनी बरं वाटतंय बघ." कशामुळं, ते त्याला सांगता आलं नसतं. ज्यासाठी ती वर्षभर जळत होती ते असं न मागता पदरात पडत होतं, आणि ती ते दोन्ही हातांनी घेत होती.

ओटा परत उंच झाला होता. वाल्मिक टाइल्स घेऊन आला तेव्हा तिनं त्याला उरलेला थरही काढायला सांगितला. या खेपेला तो वैतागला नाही. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, जरा भिताडाला उभ्या राहा."

ती उभी राहिली. हात कोपरात दुमडला. वाल्मिकनं पेन्सिल कानावरून काढली खरी, पण रेघ मारली नाही. पहिल्या दिवशीची कोपराची रेघ तिच्या कोपराच्या खूप वर होती. त्याची नजर त्या रेघेवरून तिच्या कोपरावर आली, तिथून तिच्या पायांपर्यंत गेली, अनवाणी आणि सपाट टेकलेल्या. मग त्यानं नजर काढून घेतली. कधी काळी या घराचा पहिला ओटाही त्यानंच बांधला होता, हे पंकजाला तेव्हा कुणी न सांगता कळलं. त्यानं तिच्याकडं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं बघितलं होतं.

"मी काय म्हनतो," तो खालच्या आवाजात बोलला, "ह्यो वटा हाय असाच राहू द्या. खांदं दुखलं तर दुखू द्या. न्हाईतर पाटावर उभ्या राहा. पर आता खाली घ्यायला सांगू नका."

"का?"

"मला इचारू नका. मी गवंडी मानूस. पर माझं ऐका."

ती ऐकणार होती. तिच्या तोंडात हो आलंही होतं. पाट घ्यावा, कोपर उचलून भाकरी थापावी, फोन करून वडिलांना बोलवावं. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि कल्याणचा आवाज आला. तो दारातूनच विचारत होता, आज काय करतीस खायला. तो असं दारातून कधी विचारायचा नाही. त्या हाकेत इतकी माया होती की पंकजानं वळून दाराकडं बघितलं. ही हाक आपल्याला आहे की दुसरीला, हा प्रश्न तिला पडला. पडला, आणि तिनं तो बाजूला सारला. ज्या बाईनं इतकी वर्षं ही हाक एकटीनं ऐकली तिला ती परत द्यायची म्हणजे काय? मेली तर मेली. आता ती कुणालाच द्यायची नव्हती.

"उतरवा," ती वाल्मिकला म्हणाली.

६

कडप्पा जुन्या जागी बसला. वाल्मिकनं टाइल्स लावल्या, पेन्सिलीच्या दोन्ही रेघा त्यांच्यामागं गेल्या. फटी भरायचं काम उद्या करतो म्हणून सांगून तो गेला आणि आला नाही. फोन लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. थंडी संपत आली तरी फटी तशाच होत्या, आणि त्याबद्दल आता घरात कुणी बोलत नव्हतं.

दुपारची वेळ होती. पंकजा भाकरी थापत होती. पाठ सरळ, खांदे सैल, ओटा कोपराखाली चार बोटं. बाजरीचा वास घरभर होता. कल्याण जेवायला आला तो पाटावर बसलाच नाही. चपला काढून थेट आत आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि तव्यावरची पहिली भाकरी त्यानं हातात घेतली. बोटं पोळली म्हणून हसला, फुंकर घातली, मोडून तिखटाबरोबर खाऊ लागला. तिच्या डोक्यावरून तो खिडकीबाहेर बघत होता. तिची वेणी त्याच्या शर्टाला लागत होती. पंकजाला इतकं सुख कधी झालं नव्हतं. तिनं दुसरा गोळा घेतला.

पडवीतला उजेड कमी झाल्यासारखा वाटला म्हणून तिनं मान वळवली.

मागच्या दारात एक बाई उभी होती. फार उंच होती. चौकटीत मावत नव्हती म्हणून मान तिरकी करून आत बघत होती, आणि उन्हाला पाठ असल्यानं तिचा चेहरा दिसत नव्हता. ती एवढी उंच होती की पंकजाला आधी कीवच आली; असल्या बाईला कोण करून घेणार. मग तिच्या ध्यानात आलं की बाई तिच्याकडं बघतच नाही. ती कल्याणकडं बघत होती. ओट्याला टेकलेल्या, भाकरी खाणाऱ्या कल्याणकडं. तिचा हात चौकटीवर होता आणि बोटं लाकडावर इतकी दाबली होती की नखं पांढरी पडली होती. असं बघणं पंकजाला कुठंतरी माहीत होतं. आतून माहीत होतं. पण ते कुठलं, हे आठवायच्या आधीच तिच्या छातीत आग पेटली.

"काय गं?" कल्याण म्हणाला. "काय बघतीस?"

त्यानंही दाराकडं बघितलं आणि परत भाकरीकडं वळला. त्याला काही दिसलेलं नव्हतं.

"काय न्हाई," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला बारीक वाटला, लाडिक, आणि या घरात वर्षानुवर्षं बोलून मऊ झालेला. "कुनीतरी उंच बाई दारात येऊन हुबी ऱ्हाती. मला न्हाई आवडत."

"हाकलून दे मग."

ती त्याच्या आणखी जवळ सरकली, इतकी की दारातून बघणाऱ्याला तो दिसू नये. आपल्या अंगानं त्याला पुरतं झाकता येत नाही, तो खांद्यापासून वर उघडाच राहतो, याचा तिला भयंकर संताप आला. उंच बाईनं चौकटीवरचा हात काढला आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. तिची नजर आता ओट्यावर होती. कडप्प्याची उंची ती डोळ्यांनी मोजत होती.

"ह्यो वटा न्हाई उचलायचा," पंकजा कल्याणला म्हणाली. "मी मेले तरी कुनाला उचलू द्यायचा न्हाई. कबूल करा."

"चाललंय की," कल्याण तोंडातल्या घासासकट म्हणाला.

तिनं पिठाच्या हातानं त्याची बाही घट्ट धरून ठेवली आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.